पहिलटकरणीच्या दारापर्यंत

शाळेची स्मरणिका निघते तेव्हा तिच्यात याद्या छापल्या जातात. शालान्त परीक्षेत प्रथम आलेले, शासकीय सेवेत दाखल झालेले, डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक झालेले, परदेशी गेलेले. या याद्या छापल्याच पाहिजेत. ज्या वस्त्यांतून ही मुले आली, त्या वस्त्यांत दोन-तीन पिढ्यांपूर्वी सही करू शकणारा माणूस शोधावा लागत असे. म्हणून यादीतील प्रत्येक नाव म्हणजे एका कुटुंबाने आणि एका वसतिगृहाने मिळून जिंकलेली लढाई आहे. परंतु कोणत्याही निवासी शाळेच्या पटावर आणखी काही नावे असतात, जी कोणत्याच यादीत येत नाहीत. आठवीत किंवा नववीत असताना सुट्टीत घरी गेलेली आणि शाळा उघडल्यावर परत न आलेली मुलगी. तिच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ असा शेरा पडतो, पुढे ‘शाळा सोडली’ असा, आणि तिच्यापुरता पट बंद होतो. तिचे लग्न झालेले असते. वर्ष-दीड वर्षात ती आई झालेली असते.

या मुलीविषयी आपण दोनच प्रकारे बोलतो. एकतर तिचे लग्न रोखायला हवे होते, असे म्हणतो; ते खरेच आहे. किंवा आता तिचे सारे संपले, असे म्हणतो. ते खरे नाही. सोळा-सतरा वर्षांची मुलगी आई होते तेव्हा एक नव्हे, दोन आयुष्ये नाजूक वळणावर उभी असतात आणि दोघांनाही त्या वेळी माणसाची गरज असते. दवाखान्यात वाट पाहत बसलेल्या माणसाची नव्हे, तिच्या घरी येणाऱ्या माणसाची. पहिलटकरणीच्या आणि विशेषतः वयाने लहान असलेल्या आईच्या घरी ठरावीक काळ नियमाने जाणे, तिचे ऐकणे, तिला शिकविणे आणि तिच्या बाजूने उभे राहणे हे सार्वजनिक आरोग्याचे सिद्ध झालेले साधन आहे. आपल्या राज्यात त्याचा पाया घातला गेला आहे. परंतु ज्या मुलीला त्याची सर्वाधिक गरज आहे, तिच्यापर्यंत ते पोहोचत नाही. ते पोहोचविण्यात शाळेचा, माजी विद्यार्थ्यांचा आणि पालकांचा वाटा कोणता, हे या लेखात मांडावयाचे आहे.

प्रथम प्रश्नाचे आकारमान पाहू. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २३.३ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले होते. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २२ टक्के आहे. फुले, शाहू, आंबेडकरांचे नाव घेणारे राज्य या बाबतीत देशाच्या सरासरीहून जेमतेम एक पाऊल पुढे आहे, आणि बीड व परभणी जिल्ह्यांत तर हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्याही वर आहे. त्याच पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ६.८ टक्के मुली आई झालेल्या किंवा गर्भवती असल्याचे आढळले.

मराठवाड्यात या आकड्यांमागे उसाच्या फडाचे अर्थशास्त्र उभे आहे. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुलाचे लग्न झाले की नवा कोयता तयार होतो. आईबाप फडावर गेले की वयात आलेल्या मुलीला गावी एकटी कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही धास्ती असते. म्हणून गळीत हंगामाच्या तोंडावर लग्ने उरकली जातात. केवळ अज्ञानाचे नाव देऊन या आईबापांना दोषी ठरविणे सोपे आहे. परंतु मुलीच्या सुरक्षिततेची आणि पोटाची व्यवस्था ज्यांनी करायची, त्यांनी ती केली नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. वसतिगृहे हवीत ती याचसाठी.

आता त्या मुलीच्या बाजूने पाहू. तिच्या स्वतःच्या शरीराची वाढ अजून पुरी झालेली नसते. या वयातील मातांना गरोदरपणी रक्तदाब वाढून झटके येण्याचा, दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याचा आणि बाळाचे वजन अडीच किलोपेक्षा कमी भरण्याचा धोका प्रौढ मातांपेक्षा अधिक असतो. घरात ती सर्वांत नवी आणि सर्वांत धाकटी असते. ताटात काय वाढून घ्यायचे, दवाखान्यात केव्हा जायचे, दुसरे मूल केव्हा, यांतील एकही निर्णय तिच्या हाती नसतो. तिच्याकडे स्वतःचा मोबाईल नसतो आणि असला तरी फोन कोणाला केला, हे घर विचारते. बाळ रडू लागले की ‘तुला दूधच येत नाही’ असे ऐकावे लागते, आणि ती ते खरे मानते. कारण तसे नाही हे सांगणारे कोणी नसते. मग वरचे दूध सुरू होते, बाटली येते, जुलाब येतात. एका वाक्याने जे टळले असते, ते दवाखान्याच्या दारापर्यंत जाते.

आपल्या परंपरेत पहिल्या बाळंतपणाला आधार नव्हता असे नाही. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज मुळात पहिलटकरणीला तिच्या आईच्या हाताखाली ठेवण्याचा होता. सुईण घरी येत असे, सव्वा महिना बाळंतिणीला जपले जात असे. परंतु त्याच बाळंतिणीच्या खोलीत धुरी होती, घुटी होती, चिकाचे पहिले दूध काढून टाकण्याची चाल होती आणि बाळ दगावले तर ‘नशिबात नव्हते’ असे म्हणून मोकळे होण्याची सोयही होती. म्हणून प्रश्न परंपरा की दवाखाना असा नव्हताच. बाळंतिणीची ऊब कायम ठेवून तिच्यात ज्ञान कसे आणायचे, असा तो होता.

याचे उत्तर महाराष्ट्राच्याच एका टोकाला, गडचिरोलीत सापडले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था तेथे सुरू केली. १९९३ पासून त्यांनी जो प्रयोग केला, तो आता जगभर शिकविला जातो. ३९ गावांत काम करायचे आणि ४७ गावांशी तुलना करायची, अशी त्याची रचना होती. काम करणाऱ्या गावांतून थोडे शिक्षण झालेली एकेक स्त्री निवडली गेली. तिला नवजात बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, श्वास मोजणे, बाळाला उबदार ठेवणे, आईला दूध पाजण्यास मदत करणे आणि जंतुदोषाची लक्षणे ओळखून औषध देणे शिकविले गेले. ती गरोदरपणापासूनच घरी जात असे आणि जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात वारंवार जात असे. तिसऱ्या वर्षाअखेर या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जेथे रस्ता नव्हता, डॉक्टर नव्हता, काचेची पेटी नव्हती, तेथे गावातील एका बाईच्या पायपिटीने हे घडले.

या अनुभवाच्या आधाराने २०११ साली घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर लागू झाला आणि ती जबाबदारी आशा कार्यकर्तीवर आली. आशाची योजना २००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली होती. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जावयाचे. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. २०१८ पासून त्यात तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातील पाच भेटींची भर पडली. म्हणजे कागदावर प्रत्येक बाळाच्या घरी पंधरा महिन्यांत अकरा वेळा कोणीतरी जाते. अनेक श्रीमंत देशांतही प्रत्येक बाळासाठी एवढी व्यवस्था नाही. हे आपल्या देशाचे मोठे काम आहे आणि त्याचे श्रेय त्या लाखो स्त्रियांना आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा सन्मान केला, तो योग्यच होता.

तरीही या रचनेत एक उणीव आहे. या भेटी मुख्यतः बाळाच्या आहेत. बाळ जगावे, त्याचे वजन वाढावे, लस टोचली जावी, हा त्यांचा हेतू. बाळाची आई स्वतः अजून मूल आहे, तिला वेगळे काही हवे आहे, हे या वेळापत्रकात कोठे दिसत नाही. या संदर्भात परदेशातील तीन अनुभव पाहण्यासारखे आहेत.

पहिला अमेरिकेचा. डेव्हिड ओल्ड्स या संशोधकाने १९७७ साली न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा या लहान, गरीब गावी चारशे पहिलटकरणींबरोबर काम सुरू केले. त्यांतील बहुतेक वयाने लहान, अविवाहित किंवा गरीब होत्या. प्रशिक्षित परिचारिका गरोदरपणातच घरी जाऊ लागली आणि मूल दोन वर्षांचे होईपर्यंत जात राहिली. ती केवळ बाळाला तपासत नव्हती. पुढचे मूल केव्हा हवे, शाळा पुरी करायची का, काम मिळवायचे का, यांविषयी त्या मुलीशी बोलत होती. पंधरा वर्षांनी पाहिले असता, ज्या घरी दोन वर्षे परिचारिका जात होती तेथे मुलांना मारहाण व हेळसांड झाल्याच्या नोंदी सुमारे निम्म्याने कमी होत्या.

दुसरा जमैकाचा. किंग्स्टन शहरातील वाढ खुंटलेल्या १२९ बालकांबरोबर १९८६-८७ साली सॅली ग्रँथम-मॅक्ग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम सुरू केले. त्यांतील काही बालकांच्या घरी आरोग्य कार्यकर्ती आठवड्यातून एकदा तासभर जात असे आणि घरातल्याच साध्या वस्तूंपासून केलेली खेळणी घेऊन आईला मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे ते दाखवीत असे. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी ती मुले मोठी झाली तेव्हा, ज्यांच्या घरी कोणी गेले नव्हते त्यांच्यापेक्षा त्यांची कमाई सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होती.

तिसरा अनुभव इंग्लंडचा, आणि तो सावध करणारा आहे. तेथे अमेरिकेचाच कार्यक्रम वीस वर्षांखालील मातांसाठी आणला गेला. २०१६ साली त्याच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. मातांचे धूम्रपान, बाळाचे जन्मवजन, लवकर येणारे दुसरे गरोदरपण आणि बाळाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागणे, या चारही बाबतींत फरक पडलेला नव्हता. इंग्लंडमध्ये प्रत्येक मातेला दाई आणि आरोग्यसेविका मुळातच मिळते. त्या व्यवस्थेवर आणखी भर घालून या चार गोष्टी बदलल्या नाहीत. घरी जाणे ही जादू नाही, हा त्याचा बोध. कोण जाते, केव्हापासून जाते, किती काळ जाते आणि जाऊन काय करते, यांवर सारे अवलंबून असते. आणि जेथे आईला दुसरा कोणताच आधार नाही, तेथे त्याचा उपयोग सर्वाधिक होण्याची शक्यता असते. आपल्या वाड्या-वस्त्यांतील अल्पवयीन आई नेमकी तेथे उभी आहे.

मग ती आपल्या व्यवस्थेतून निसटते कोठे?

पहिली फट माहेर आणि सासर यांमधील. गरोदरपणाची नोंद सासरच्या आशाकडे होते; सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते; बाळंतपण तेथे होते; काही महिन्यांनी ती बाळ घेऊन परत येते. एका आशाला ती गेलेली ठाऊक असते, दुसरीला ती आलेली उशिरा कळते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची बाळंतीण बहुधा सासरीच राहते. पहिलटकरीण मात्र याच काळात घर बदलते. म्हणजे जिला सर्वाधिक भेटींची गरज आहे, तिच्याच भेटी चुकतात. ऊसतोडीला गेलेल्या मुलीचे तर दोन्ही गावांत नाव राहते आणि ती तिसऱ्याच जिल्ह्यात पालावर असते.

दुसरी फट कायद्याच्या भीतीची. २००६ च्या कायद्याने बालविवाह हा गुन्हा आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हा आहे, आणि ज्याला तो कळेल त्याने तो कळविणे बंधनकारक आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने पत्नी अल्पवयीन असली तरी पतीला सूट नाही, असा निर्णय दिला. हे कायदे मुलींच्या रक्षणासाठी आहेत आणि ते हवेत. परंतु त्यांचा एक परिणाम असा होतो की गरोदर राहिलेली सतरा वर्षांची मुलगी लपविली जाते. कार्डावर तिचे वय एकोणीस लिहिले जाते, किंवा कार्डच काढले जात नाही. आशा दारात आली तर ‘ती गावाला गेली’ असे सांगितले जाते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात; परंतु वयाच्या अटीमुळे अठरा वर्षांखालील आई तिच्यात बसत नाही. म्हणजे जी सर्वांत दुबळी, तिला पैसाही नाही आणि भेटही नाही. खोट्या वयाची एक अडचण आणखी आहे: कागदावर एकोणीस वर्षांची असलेली मुलगी डॉक्टरच्याही दृष्टीने एकोणीस वर्षांचीच ठरते, आणि तिच्या वयामुळे जी जास्तीची काळजी घ्यायला हवी, ती घेतली जात नाही.

तिसरी फट मोबदल्याची. पहिल्या सहा भेटी मिळून आशाला केंद्राने ठरविलेले २५० रुपये मिळतात आणि पुढच्या पाच भेटींचेही २५०. एका भेटीला चाळीस-पन्नास रुपये. निश्चित मानधनासाठी महाराष्ट्रातील आशांना वारंवार संपावर जावे लागले आहे. ज्या बाईच्या चालण्यावर बाळाचा जीव अवलंबून आहे, तिच्या चालण्याची किंमत आपण ही केली आहे. अशा वेळी भेट घाईने उरकली जाते, रकाने भरले जातात आणि मुलीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे पाहण्यास कोणाला वेळ राहत नाही.

चौथी फट आपल्या समाजरचनेची. घरी जाणारी बाई कोणाच्या घरात कितपत शिरते? अंगणात उभी राहून प्रश्न विचारते की आत येऊन खाटेवर बसते? दिलेले पाणी घेते की ‘आत्ताच घेतले’ म्हणते? आपल्या लोकांना हे प्रश्न समजावून सांगावे लागत नाहीत. ज्या घरचे पाणी चालत नाही, त्या घरातील मुलगी त्या बाईला मनातले सांगणार नाही. म्हणून प्रत्येक वस्तीत त्याच वस्तीचा विश्वास असलेली कार्यकर्ती असणे, हा केवळ प्रतिनिधित्वाचा नव्हे, परिणामकारकतेचाही प्रश्न आहे.

येथे एक आक्षेप घेतला जातो. अल्पवयीन मातांना अशी मदत देऊ लागलो तर बालविवाहाला मान्यता दिल्यासारखे होणार नाही काय? हा आक्षेप प्रामाणिक आहे. त्याला उत्तर दिले पाहिजे. कोणतेही कुटुंब आशा घरी येईल म्हणून मुलीचे लग्न लावत नाही. उलट, भेट न मिळाल्याची शिक्षा लग्न लावणाऱ्यांना होत नाही. ती त्या मुलीला आणि तिच्या बाळाला होते. शिवाय सतराव्या वर्षी आई झालेल्या मुलीला विसाव्या वर्षाआधी दुसरे मूल होऊ नये, तिचे शिक्षण पुन्हा सुरू व्हावे आणि तिच्या मुलीचे लग्न तिच्यासारखे लवकर होऊ नये, हे ज्या मार्गाने साध्य होईल तोच बालविवाह थांबविण्याचाही मार्ग आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. समाजाने टाकलेल्या गरोदर विधवांना त्यांनी आधी दार उघडून दिले, उपदेश नंतर. त्या घरामुळे अनीती वाढेल असे तेव्हाही म्हटले गेले असेल. परंतु तेथे जीव वाचले, हेच इतिहासात उरले.

बाबासाहेबांच्या जीवनात आणि कार्यात हा विषय फार खोलवर आहे, याचे स्मरण येथे अप्रस्तुत होणार नाही. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी बालविवाहाकडे निव्वळ वाईट चाल म्हणून पाहिले नाही. जातीबाहेर विवाह होऊ नये म्हणून उभारलेल्या यंत्रणेचा तो एक भाग आहे, असे दाखविले. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूति-लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. १९३८ साली त्यांच्या पक्षाने संततिनियमनाचा ठराव मुंबई विधानसभेत मांडला. तो फेटाळला गेला, परंतु स्त्रीच्या शरीरावर लादलेल्या बाळंतपणांचा प्रश्न राजकारणाच्या सभागृहात आणला गेला. आणि या साऱ्याच्या मागे एक घर होते. माता रमाईंचे लग्न बालवयात झाले. त्यांची चार अपत्ये दगावली. आपण दरवर्षी रमाईंच्या त्यागाची गाणी म्हणतो. त्या काळी त्या घराच्या दारात बाळाचा श्वास मोजणारी, आईला धीर देणारी कोणी बाई नियमाने येत असती तर, हा विचारही आपल्या मनात यायला हवा. रमाईंविषयीचा आदर आज एखाद्या सतरा वर्षांच्या बाळंतिणीच्या घरापर्यंत पोहोचला, तर त्याला अर्थ आहे.

शासनाकडून काय हवे, ते थोडक्यात असे. भेटी बाळाच्या जन्माने नव्हे, गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून सुरू व्हाव्यात आणि वीस वर्षांखालील मातेच्या घरी त्या दुप्पट असाव्यात. माहेर आणि सासर येथील आशांनी एकमेकींना नाव सोपविण्याची पद्धत असावी आणि दोघींनाही मोबदला मिळावा. साखर कारखान्याच्या परिसरात पालांवर जाणारी आशा नेमलेली असावी. भेटीत बाळाच्या वजनाबरोबर आईच्या झोपेचा, उदासीचा, मारहाणीचा आणि पाळणा लांबविण्याचा प्रश्न विचारला जावा. तांबी, ‘अंतरा’ इंजेक्शन, ‘छाया’ गोळी ही साधने शासकीय दवाखान्यात विनामूल्य मिळतात, हे त्या मुलीला आणि तिच्या नवऱ्यालाही कळावे. आणि सेवा व तपास यांची सरमिसळ थांबावी. अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताच्या बाबतीत, तिने व पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना तिची ओळख सांगण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले. प्रसूतीसाठी येणाऱ्या मुलीलाही असेच संरक्षण मिळावे, अशी मागणी आपल्या संघटनांनी करायला हवी.

परंतु शासनाकडे बोट दाखवून स्मरणिकेचा लेख संपविणे योग्य होणार नाही. आपल्या हाती असलेल्या गोष्टीही आहेत.

शाळा उघडल्यावर जी मुलगी आली नाही, तिच्या घरी पहिल्या आठवड्यातच शिक्षिकेने आणि एका माजी विद्यार्थिनीने जावे. लग्न ठरले असेल तर ते थांबविता येते. १०९८ हा क्रमांक त्यासाठीच आहे आणि गावात ग्रामसेवकावर बालविवाह रोखण्याची जबाबदारी आहे. लग्न झाले असेल तर तिचे नाव पटावरून काढण्यापूर्वी ती कोठे आहे, याची नोंद शाळेने ठेवावी. ती नोंद पोलिसांसाठी नव्हे, तिच्याशी असलेले नाते तुटू नये यासाठी. शाळेत तिच्या बरोबरीला बसणारी मैत्रीण, तिची भाषा बोलणारी बाई, वसतिगृहात तिला ताप असताना उशाशी बसलेली ताई यांचा शब्द सासरच्या उंबरठ्यावर आशाच्या शब्दाइतकाच, कदाचित अधिक, चालतो. परिचारिका, आशा, अंगणवाडी सेविका झालेल्या माजी विद्यार्थिनी आपल्याकडे कमी नाहीत. त्यांनी तालुकावार आपली यादी करावी. कोणत्या गावी आपली कोणती मुलगी पहिल्या खेपेची गरोदर आहे, हे एकमेकींना कळवावे आणि महिन्यातून एकदा तिच्या घरी जावे. त्यांनी आशाचे काम हिरावून घेऊ नये. आशाबरोबर जावे, आशाने सांगितलेले घरच्यांच्या गळी उतरवावे, बाळाची आई काय म्हणते ते ऐकावे.

शिक्षणाचा दरवाजा बंद झालेला नाही, हेही तिला सांगावे लागेल. सतरा नंबरचा अर्ज भरून दहावी-बारावीची परीक्षा बाहेरून देता येते; मुक्त विद्यालयाचा मार्ग आहे; पुढे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. या वाटा सर्वांना ठाऊक असतात. अडते ते अर्जाच्या शुल्कावर, पुस्तकांवर आणि परीक्षेच्या दिवशी बाळाला कोण सांभाळणार यावर. माजी विद्यार्थी संघाच्या निधीतून गुणवंतांना पारितोषिके दिली जातात. त्यातील काही भाग या तीन गोष्टींसाठी बाजूला काढावा. परीक्षा केंद्राबाहेर बाळ मांडीवर घेऊन बसणारा एक माणूस, ही देणगी मानचिन्हापेक्षा लहान नाही.

माजी विद्यार्थ्यांना, म्हणजे पुरुषांना, वेगळे सांगायचे आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी, भावकीत, मित्रांत अशी पहिलटकरीण आहे. घरी येणाऱ्या कार्यकर्तीच्या समोर बसावे, ती सांगते ते ऐकावे. रात्री बाळ रडले तर उठावे. बाळंतिणीच्या ताटात डाळ, अंडे, भाजी आहे की नाही, हे आईला विचारावे. वसतिगृहात आपण स्वतःची ताटे धुतली, खोल्या झाडल्या, आजारी सोबत्याला भात भरविला. ते शिक्षण संसारात विसरावयाचे नव्हते. आणि पालकांना नम्र विनंती अशी की, लग्नाचा दिवस ठरविण्याआधी तिच्या दहावीचा निकाल हाती येऊ द्यावा, मग बारावीचा. मुलगी वसतिगृहात सुरक्षित आहे. तिला तेथेच राहू द्यावे. धास्ती वाटत असेल तर ती शाळेशी बोलावी. सोयरिकीने ती मिटत नाही, केवळ दुसऱ्या घराकडे सोपविली जाते.

हे काम मोठ्या निधीचे नाही. पाच-सहा तालुक्यांत प्रत्येकी दोन-तीन स्त्रिया, एक वही, एक दूरध्वनी, येण्याजाण्याचे भाडे आणि दोन वर्षे न कंटाळता जात राहण्याची शिस्त, एवढ्यावर ते सुरू होऊ शकते. बुद्धविहारातील रविवारच्या बैठकीत त्या वहीतील नोंदी वाचल्या जाव्यात: कोणत्या बाळाचे वजन वाढले, कोणत्या आईला पुन्हा ताप आला, कोणी सतरा नंबरचा अर्ज भरला. संघाच्या येत्या सर्वसाधारण सभेत या कामाचा ठराव मांडला जावा आणि कार्यकारिणीने तीन महिन्यांच्या आत पहिल्या तालुक्याची नावे निश्चित करावीत, अशी माझी सूचना आहे. पट बंद झाला म्हणून मुलगी शाळेची राहिली नाही, असे आपल्या शाळेत तरी कोणी म्हणू नये.